दुसरी वाटी

शकुंतलाबाईंना त्यांच्या सुनेचा हेवा वाटत होता. हे मी आडपडदा न ठेवता सांगते, कारण त्यांना स्वतःलाही तो कधी लपवता आला नाही. प्रयत्न मात्र त्यांनी रोज केला.

मी गुलाब, त्यांची चुलत जाऊ. अड्याळ गावात आमची घरं लागून आहेत, मधली भिंत कमरेएवढीच आणि त्यांची चूल उघड्या पडवीत. मी अंगणवाडीत सेविका होते. तिथे दुसऱ्याच्या ताटात काय आहे हे पाहायची सवय लागली, ती काम सुटल्यावरही गेली नाही. त्यामुळे त्या हिवाळ्यात त्या घरात जे शिजलं ते सगळं मी पाहिलेलं आहे. हेव्याला लोक उगाच नावं ठेवतात. मला विचाराल तर ज्या बाईला दुसरीच्या भाजीचा कधी हेवा वाटला नाही, तिनं आयुष्यात मन लावून भाजी केलेलीच नाही.

शकुंतलाबाईंनी केली होती. धानकापणीला त्यांच्या शेतावर यायला मजूर बाया एका पायावर तयार असत, कारण दुपारी बाईंच्या हातची वांग्याची भाजी मिळे. लग्नघरी आचारी कितीही नावाजलेला असो, कढीत मीठ बेताचं आहे का हे सांगायला बाईंनाच बोलावणं जाई. त्यांचे यजमान भय्याजी अगदी कमी बोलणारे. त्यांनी बायकोचं तोंडभरून कौतुक केल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही. पण जेवताना ते एकदा वाटी पुढे करत आणि म्हणत, "आनखी थोडी." बाईंना तेवढं पुरे होतं. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा सगळा संसार त्या दोन शब्दांवर चालला होता, आणि हे मी चेष्टेनं म्हणत नाही.

त्या घरात एक रीत आहे. रांधायचं कोणीही, पण वाढायचं घरातल्या मोठ्या बाईनंच. बाईंच्या सासूनं शेवटच्या आजारपणापर्यंत पळी सोडली नव्हती. ती पळी हातात आली तेव्हा बाई खऱ्या अर्थानं त्या घरच्या झाल्या. पुरुष भिंतीला पाठ लावून बसतात, बाई उभ्यानं वाकून वाढतात, आणि कोणाच्या ताटात काय कमी आहे हे त्यांना मागावं लागत नाही.

गेल्या वर्षी धान कापणीला येण्याच्या आधीपासूनच भय्याजींनी दुसरी वाटी मागणं सोडलं. वरणभात तेवढा खायचे. वांग्याची फोड ताटाच्या कडेला सारायचे, भाकर तशीच राहायची. बाईंनी मसाला बदलला, तेल वाढवलं, वांगी दुसऱ्या मळ्यातून आणली. काही फरक पडला नाही.

"माह्या हाताची चव गेली व, गुलाब," त्या एक दिवस भिंतीपाशी येऊन मला म्हणाल्या.

"वय झालं त्यायचं. भूक कमी होते, बाई," मी म्हटलं.

"भूक कमी झाली तं भात काहून खाते मंग?"

आणि अशात तृप्तीनं सूप केलं.

तृप्ती ही बाईंच्या मुलाची, निकेशची बायको. उन्हाळ्यात लग्न झालं होतं. माहेर भंडाऱ्याचं, शिक्षण नागपूरचं. तिथे शिकत असताना ती संध्याकाळी एका कॅफेत काम करायची. बोलायला गोड, कामाला चटपटीत आणि डोळे सारखे भिरभिरते. असल्या मुलीला पाण्यात पाहायचं तर सासूलाही मेहनत लागते.

थंडी पडली होती. अंगणात शेकोटी पेटवल्याशिवाय बसवत नव्हतं. तृप्ती म्हणाली, "आई, आज रात्री मी इटलीचं सूप करू का? मिनेस्ट्रोनी म्हणतात. पोटभरीचं असते, मग दुसरं काही लागत नाही."

"दवाखान्यात देतेत तसं पानी?" बाईंनी विचारलं.

"नाही जी. भाज्याच भाज्या राहतात."

"कर बाप्पा. तुह्या हौशीले कोन नाही म्हनते."

मी भिंतीवर कोपर ठेवून सगळा प्रकार पाहिला. तिनं कांदा, लसूण आणि गाजर अगदी बारीक चिरून तेलात टाकलं आणि मंद आचेवर कितीतरी वेळ हलवत राहिली. त्या सुपात म्हणे सेलरी नावाच्या भाजीचे दांडे पडतात. ते आमच्या बाजारात कुठले यायला? तिनं कोथिंबिरीच्या काड्या घातल्या. मग टमाटर, पत्ताकोबी, दुधी, भिजवलेला राजमा, आणि आमच्याकडे ज्याला पोपट म्हणतात त्या वालाचे सोललेले हिरवे दाणे. पाणी ओतलं, गंजावर म्हणजे पातेल्यावर झाकण ठेवलं. सगळं मऊ झाल्यावर निम्मी भाजी काढून रवीनं घोटली आणि पुन्हा गंजात ओतली. शेवटी मॅकरोनी, नागपूरहून आणलेली वाळल्या पानांची पुडी आणि वरून जवसाच्या तेलाची धार.

"भाजीचा पार गाळ करून टाकला व हिनं," बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. त्यांच्या आवाजात समाधान होतं. सून तोंडघशी पडणार, याची त्यांना खात्री होती.

रात्री भय्याजी आणि निकेश बसले. तृप्ती चुलीपाशी, बाई पळी घेऊन उभ्या. बाईंनी दोघांना सूप वाढलं आणि सोबत भातही वाढला, कारण भाताशिवाय जेवण झालं असं आमच्या झाडीपट्टीत कोणी मानत नाही. निकेश फुंकर मारत "मस्त, मस्त" करत होता, त्याचं काही नाही, नवा नवरा होता तो. भय्याजींनी गुपचूप वाटी रिकामी केली. मग ती पुढे केली.

"आनखी थोडं," ते म्हणाले.

बाईंच्या हातातली पळी तिथेच थांबली. भिंतीपलीकडून मला त्यांचा चेहरा दिसला, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यांची कीव आली. कितीतरी दिवसांनी ते शब्द त्या घरात ऐकू आले होते आणि ते दुसरीच्या रांधण्यासाठी होते. वर आणखी, ती दुसरी वाटी बाईंना स्वतःच्या हातानं भरून द्यावी लागली. रीतच तशी होती ना.

त्या रात्रीपासून बाईंना झोपेत सुद्धा सूप दिसत असावं. तृप्ती दर दोनतीन दिवसांनी ते करायला लागली, कधी चवळी घालून, कधी पालक घालून, आणि दर वेळी भय्याजी वाटी पुढे करत. बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग त्यांनी पळीचा उपयोग सुरू केला.

वाढणाऱ्या प्रत्येक बाईला एक गोष्ट माहीत असते. गंज न हलवता वरवर पळी घेतली की पातळ येतं, तळातून घेतली की सगळा माल येतो. पंगतीत जावयाला कुठून वाढतात आणि उगाच येऊन बसलेल्या पाहुण्याला कुठून, हे मी सांगायला नको. बाई निकेशला तळातून वाढायच्या आणि भय्याजींना वरून. मनात एवढंच, की या माणसाच्या वाटीत नुसतं पाणी पडावं आणि त्यानं एकदा तरी म्हणावं, काही दम नाही या सुपात.

भय्याजी ते पातळ मिटक्या मारत प्यायचे आणि दुसरी वाटी मागायचे. एकदा तर तिसरी मागितली.

"मी वरचं पानी वाढून राहिली, तरी मांगते व हा मानूस!" बाई माझ्यापाशी येऊन फणफणल्या. "जनमभर याच्यासाठी चुलीत डोळे घातले म्या. माह्या वांग्यात काय कमी होतं?"

"मग पळी द्या तिच्या हातात आणि मोकळ्या व्हा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना घर सोडून जायला सांगितलंय. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तृप्तीला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. ती रोज सासूसाठी एक वाटी झाकून ठेवायची. "आई, तुमच्यासाठी ठेवलं आहे जी." बाई नाक मुरडायच्या आणि चटणीभात खायच्या. एकदा दुपारी ती वाटी घेऊन त्या मागच्या अंगणात आल्या. शेळी खुंट्याला बांधलेली होती. बाईंनी आधी बोट बुडवून चाखलं. मग इकडेतिकडे पाहिलं. मग शेळीकडे पाठ करून उभ्यानंच सगळी वाटी चाटूनपुसून खाल्ली, धुतली, आणि घरात जाऊन सांगितलं, "शेळीले देल्लं. मले नाही आवडत आंबट." शेळीनं इतका अन्याय कधी सोसला नसेल. मी भिंतीखाली बसून तोंडात पदर कोंबला.

पण हसण्यासारखं जास्त दिवस राहिलं नाही. बाजारात एका बाईनं त्यांना थांबवून विचारलं, "तुमची सून काई सूप बनवते म्हने? माह्या पोरीले शिकवन का?" आजवर बाईंना बाजारात थांबवलं की कढीबद्दल विचारायचे. त्या दिवशी त्या भाजी न घेताच परत आल्या. आणि त्याच आठवड्यात पवनीहून ज्योत्सनाचा फोन आला. ज्योत्सना म्हणजे बाईंची लेक, स्वतःच्या पोटची. रविवारी जावयांना घेऊन जेवायला येते म्हणाली आणि पुढे म्हणाली, "माय, वहिनीले सांगजो ना, ते सूप कराले. निकेश लय तारीफ करून राहिला होता."

सून परकी, नवरा पुरुषमाणूस, त्यांचं एकवेळ सोडा. पण आता लेकीनंही तेच मागितलं. त्या फोन ठेवून चुलीपुढे बसल्या आणि उठल्या तेव्हा त्यांचं ठरलं होतं.

"रविवारी सूप मी करन," त्यांनी जाहीर केलं.

तृप्ती म्हणाली, "करा ना आई. मी भाज्या चिरून देऊ?"

"काई नोको. म्या पाह्यलं आहे सगळं."

पाहिलं होतंच. कोपऱ्यात बसून, डोळे बारीक करून त्यांनी सगळं उचललं होतं. पण जसंच्या तसं केलं तर त्या शकुंतलाबाई कसल्या? सुनेच्या सुपातली एक गोष्ट त्यांना पहिल्यापासून खुपत होती. घोटलेली भाजी. आमच्याकडे पाहुण्याला वाढलेली भाजी दिसावी लागते. वाटीत फोड नाही तर मान नाही. घोटून घातलं म्हणजे भाजी कमी पडली आणि ते झाकलं, असा अर्थ कोणीही काढेल.

म्हणून बाईंनी घोटलं नाही. गाजराच्या बोटभर फोडी केल्या. मुळा घातला, चवळीच्या शेंगा घातल्या, पोपट शेंगांसकट टाकला. वांगी तर आलीच. आणि एकही भाजी त्यांनी गळू दिली नाही, कारण गळालेली भाजी ही रांधणाऱ्या बाईची लाज. मॅकरोनीच्या जागी त्यांनी डबा उघडून सरगुंडे काढले. कणकेची वळी काडीवर गुंडाळून, वाफवून, उन्हात वाळवून आम्ही ते करून ठेवतो, जावई आला की काढायला. इटलीच्या नळ्यांपेक्षा आपल्या नळ्या काय वाईट? सूप असं झालं की त्यात पळी उभी राहावी. वास भिंत ओलांडून आला तेव्हा माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. मला बोलावणं होतंच. मी वेळेआधी जाऊन बसले.

जावई धर्मेंद्र आणि भय्याजी शेजारी बसले, निकेश त्यांच्या बाजूला. ज्योत्सना, तृप्ती आणि मी चुलीच्या बाजूला. बाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. त्यांनी पळी तळापर्यंत घातली आणि जावयाची वाटी भरली. मग पुन्हा तळापर्यंत घातली आणि भय्याजींची वाटी भरली. कित्येक दिवसांनी त्या आपल्या नवऱ्याला तळातून वाढत होत्या. पाहणाऱ्याला त्यातलं प्रेम कळलं असतं.

"माय, काय झालं हे! बाप्पा!" ज्योत्सना पहिल्या घासालाच म्हणाली. जावयांनी सरगुंडे आणखी मागितले. निकेशनं बायकोकडे एकदा पाहिलं, मग हळूच मान डोलावली. सूप खरंच छान झालं होतं. मी खाल्लं आहे, मला विचारा. तृप्तीच्या सुपापेक्षा रांगडं आणि भरघोस.

बाईंनी कोणाकडेच लक्ष दिलं नाही. त्या पळी घेऊन भय्याजींपुढे उभ्या होत्या.

भय्याजींनी वाटीतलं पातळ चमच्यानं काढून घेतलं. एक सरगुंडा कुस्करला. गाजराची फोड तोंडात घातली, बराच वेळ या गालातून त्या गालात फिरवली आणि हातावर काढून ताटाखाली ठेवली. मग भात आणि वरण कालवून खाल्लं. वाटी अर्धी भरलेली तशीच.

"घ्या ना आनखी," बाई म्हणाल्या.

"बस झालं."

"थोडं घ्या."

"बस म्हनलं ना व."

आणि मग बाईंचा बांध फुटला. जावई समोर बसलाय, याचं भान त्यांना राहिलं नाही. "तिच्या हातचं तिनदा चालते! वरचं पानी चालते! माह्या हातचं एकदाबी गळ्याखाली उतरत नाही? काय घातलं नाही म्या यात? लेकीनं खाल्लं, जावयानं खाल्लं, तुमाले काहून होत नाही? सांगा ना, तोंड काहून धरून बसले?"

भय्याजी खरोखरच तोंड धरून बसले होते. डावा हात गालावर होता. ज्योत्सनानं माझ्याकडे पाहिलं, मी तृप्तीकडे. तृप्तीची मान खाली गेली होती आणि तिचे कान लाल झाले होते.

"आई," ती शेवटी म्हणाली, "बाबाच्या दाढा दुखतात. चावता येत नाही त्यायले. म्हणून मी घोटून करत होती."

भय्याजींनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण झाकलेलं उघडं पडल्यावर माणूस पाहतो तसं. या माणसानं तरुणपणी दातानं ऊस सोलून आम्हा सगळ्यांना खाऊ घातला होता. गावात त्याचं नाव होतं त्यासाठी.

बाईंनी पळी गंजात ठेवली. त्या खाली बसल्या, अगदी नवऱ्याच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून. आम्ही कोणीच त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"आ करा," त्या म्हणाल्या.

"राहू दे व. जावई आहे..."

"आ करा म्हनते ना!"

भय्याजींनी तोंड उघडलं. निकेशनं मोबाइलचा उजेड धरला. बाईंनी त्यांची हनुवटी धरून इकडून तिकडून पाहिलं. दोन दाढा पार किडलेल्या, एक अर्धी तुटलेली, हिरड्या सुजून लाल. जावयांनी शहाण्या माणसासारखं आपल्या वाटीत लक्ष घातलं.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. धान कापाच्या आधीचं आहे."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू मंग पेज शिजवून देल्ली असती," भय्याजी म्हणाले. "अन् गावभर सांगतलं असतं का मानूस बुढा झाला."

हे अगदी खरं होतं, म्हणून बाईंनी ते खोडलं नाही. त्यांनी दुसराच प्रश्न विचारला, आणि तो विचारताना त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"हिले कधी सांगतलं?"

"हिले कुठं सांगतलं," भय्याजी म्हणाले. "हिनं पाह्यलं."

त्यानंतर जेवण कसंबसं आटोपलं. बाईंनी सगळ्यांना ताक वाढलं, लेकीला शिदोरी बांधून दिली, जावयाला नारळ दिला. रीतीत काही कमी पडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निकेश वडिलांना दाताच्या डॉक्टरकडे भंडाऱ्याला घेऊन गेला. मोटारसायकल वळणाआड गेली तशा बाई भिंतीपाशी आल्या. डोळे सुजलेले होते. मला वाटलं, आता तरी हेवा निवला असेल. सुनेचं कौतुक करतील, एखादा शब्द चांगला बोलतील. बाहेरून पाहणाऱ्याला असंच वाटतं.

"सुपाचं काई नाही व," त्या म्हणाल्या. "सूप मलेबी आलं. जावयानं बोटं चाटली."

"हो ना, बाई. लय मस्त झालं होतं."

"एवढे वर्स म्या त्याले वाढलं. उभ्यानं. ताटात पाहू पाहू वाढलं. त्याच्या तोंडाकडं पाहाची कधी आठवनच नाही झाली मले. अन् हे कालची पोरगी, चुलीपाशी बसून..." आतून तृप्तीच्या भांडी घासण्याचा आवाज येत होता. बाईंनी त्या आवाजाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात जो जळफळाट होता तसा मी सुपाच्या वेळीही पाहिला नव्हता.

"त्यानं तिले सांगतलं असतं ना, गुलाब," त्या म्हणाल्या, "तं मी दोघाईसंगं भांडली असती. पन त्यानं सांगतलंच नाही. आता मी कोनासंगं भांडू?"